बसेल का

अनेलीसबाईंनी गुरुवारी संध्याकाळी
ओटोला आमच्या अंगणात आणून सोडला.
सोबत खाद्याचं पोतं, लोखंडी कंगवा
आणि लाळ पुसायचे सात टॉवेल.
त्यांचं रॉटरडॅमचं तिकीट निघालेलं,
उन्हाळ्यात एवढ्या कुत्र्याला विमान घेत नाही.
"तीन दिवस ठेवून बघा," म्हणाल्या,
"घरात बसेल का ते कळेल."

बसला.
दिवाणखान्यात बसला तेव्हा टीपॉय सरकवला,
पाय पसरले तेव्हा टीपॉय बाहेर गेला.
अडुसष्ट किलो. माझ्याहून दोन जास्त.
सेंट बर्नार्ड : बर्फात हरवलेली माणसं हुडकणारी जात,
आणि दाराबाहेर सोहारचा जून,
संध्याकाळी सातला बेचाळीस,
समुद्रावरून येणारी हवा
ओल्या कांबळ्यासारखी तोंडावर.

वृषालीने विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
एसी चोवीस तास. खाणं महिना चाळीस रियाल.
एवढ्या जनावराचा डॉक्टर मस्कतला, दोन तास जायला.
सुटीत आपण पंचेचाळीस दिवस चिपळूणला,
तेव्हा हा कुणाकडे?
इथे तिने पेन खाली ठेवलं,
कारण कौस्तुभ शेपटीच्या फटक्याने आडवा झाला होता,
आणि उठून, हसत,
परत शेपटीसमोर जाऊन उभा राहिला होता.
इराने बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं :
घोरतो. बाबांसारखा.

घरमालक खलफान शुक्रवारी भाड्याला आला.
मी आधीच तोंडात माफी धरून उभा.
त्याने कुत्र्याला हात लावला नाही.
थोडा लांब उकिडवा बसला
आणि बराच वेळ नुसता त्याचा श्वास बघत राहिला,
वर, खाली, वर, जीभ बाहेर.
मग आपल्या मोडक्या हिंदीत सांगू लागला :
त्याची एक सांडणी होती.
बंदरात नोकरी लागली, बारा तासांची.
भावाला म्हटलं, बघ तिच्याकडे. भावाने बघितलं.
पण ती भावाकडे बघेना.
विकली.
"अंगणात जागा होती," खलफान म्हणाला,
"दिवसात नव्हती.
परवानगी देतो मी. ते सोपं आहे."
भाडं दोनदा मोजलं आणि गेला.

त्या रात्री मी जागा.
बारा वर्षं झाली इथे.
दर दोन वर्षांनी कुणीतरी मलाही बघतं :
रक्त, छातीचा फोटो, बोटांचे ठसे,
आणि वरच्या मजल्यावर एक फाइल उघडून,
बसेल का.
यंदाचं पत्र अजून आलेलं नाही.
नोव्हेंबरात मीच इथे नसलो
तर अडुसष्ट किलोंचं काय करायचं,
कुणाच्या अंगणात नेऊन सोडायचं,
किती टॉवेल घेऊन?

शनिवारी पहाटे चारला त्याला किनाऱ्यावर नेलं.
आधी डांबराला तळहात टेकून पाहिला,
बाई तसं सांगून गेल्या होत्या.
फजरची अजान व्हायची होती.
दोन कोळी पिकअपमधून जाळं उतरवत होते,
एकाने ओटोकडे बघून विचारलं, वासरू आहे का?
ओटो पाण्यात शिरला पोटापर्यंत
आणि पहिल्यांदाच, गुरुवारपासून पहिल्यांदाच,
त्याने तोंड मिटलं.
नुसता उभा होता.
कोमट लाटा. त्यालाही तेवढंच गार म्हणायचं होतं.

मग बाहेर आला, अंग झाडलं, मला भिजवलं
आणि माझ्या डाव्या पायावर येऊन बसला,
सगळा.

मी मोबाइल काढला.
अनेलीसबाईंना लिहिलं, आम्हाला जमणार नाही,
जबल अखदरला डाळिंबांच्या बागा आहेत, तिथे गारवा असतो,
तिकडे कुणी मिळतं का विचारतो, मी स्वतः विचारतो.
पाठवलं.
साडेपाचला कारखान्याची बस असते.
पाय बधिर होत चालला होता,
आधी बोटं, मग घोटा.
काढून घ्यायला हवा होता.